फुंकर

४ फेब्रुवारी

आबा,

उशीर झाला, रागावू नका. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं "काय? काय म्हणतेस?" करता आणि पत्रात मात्र धो धो बोलता. म्हणून पत्रच बरं. बोट मंगळवारी आणि शुक्रवारी टपाल घेऊन बेटावरून निघते, आजची गाठायची आहे.

आई आजारी आहे. दचकू नका! तुमची लेक ठणठणीत आहे, परवाच तिने मला फोनवर झापलं. मी म्हणतेय ती आमच्या केंद्रातल्या दोन नंबरच्या टाकीतली आई. तुम्हाला एकदा सांगितलं होतं, विसरला असाल. कलिंगडाएवढं प्रवाळ आहे ते. दगडावर बोटभर उंचीचे हजारो देठ, प्रत्येक देठाच्या टोकाला चोवीस पाकळ्या, आणि पाकळ्यांची टोकं जांभळी. बघणारा फुलंच म्हणेल, पण त्यातलं एकेक फूल म्हणजे एकेक जिवंत प्राणी. समुद्रातली तिची सगळी भावंडं दोन कडक उन्हाळ्यांत पाणी तापून पांढरी पडली आणि गेली. ही तेवढी उरली. तिचेच तुकडे कापून आम्ही वाढवतो आणि परत समुद्रात लावतो, म्हणून ती आई.

गेल्या आठवड्यात तिच्या अंगावर नखाएवढं टक्कल दिसलं. पांढरं, गोल. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आज नऊ आहेत. पाणी तीनदा तपासलं, चोख आहे. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, पंप नीट चालत नसणार, पंपवाल्याने घाण केली असणार. महिनाअखेरपर्यंत डाग थांबले नाहीत तर टाकी रिकामी करायची आणि आईला उन्हात वाळवून टाकायचं, नाहीतर रोग बाकीच्या टाक्यांत जाईल. बाईंचं चुकत नाही. पण चार वर्षं मी तिला हाताने भरवतेय हो.

रोज तीन-तीन तास भिंग लावून बसते. काहीही दिसत नाही.

तुमची,
ठिपकी


९ फेब्रुवारी

ठिपके,

तुझं पत्र घड्याळजी शेजारी बसलेला असताना आलं, त्यामुळे चहा, पत्र आणि त्याची टिप्पणी असं सगळं एकत्रच घ्यावं लागलं. "समुद्रातल्या फुलांना टक्कल पडतं? मग आपलं काय चुकलं?" असं म्हणून तो स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत बसला. त्याची बडबड आवरल्यावर मग लिहायला बसलो.

पोरी, मी समुद्र पाहिलेला नाही हे तुला ठाऊक आहे. माझा समुद्र चौथीच्या पुस्तकातला, डाव्या पानावरचा. तीन कडव्यांची कविता होती. पहिल्यात लाटा, दुसऱ्यात गलबतं, आणि तिसऱ्यात समुद्राच्या तळाशी काहीतरी होतं. काय होतं ते मला आजही आठवत नाही. मास्तरांनी सगळ्या वर्गाला उभं केलं होतं. ज्याची कविता म्हणून झाली त्याने खाली बसायचं. सगळे बसले. मी तिसऱ्या कडव्याशी अडलो आणि तास संपेपर्यंत एकटा उभा राहिलो. खिडकीतून येणारं ऊन फळ्यावरून भिंतीवर गेलं, तेवढा वेळ. तुझ्या पत्रातल्या त्या चोवीस पाकळ्या ऐकल्या आणि वाटलं, तिसऱ्या कडव्यात हीच असणार. कवीला नाव ठाऊक नसेल, म्हणून त्याने रत्नं-बित्नं काहीतरी लिहून वेळ मारून नेली असेल.

आता कामाचं बोलतो. मला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भोकांतलं कळतं. पंचावन्न वर्षं रफू केला. पाणी वाईट असेल तर कापड सगळीकडून विरतं. गोल भोक पडतं ते तोंडाने. तुझ्या आईला कुणीतरी खातंय.

"मग दिसत का नाही?" म्हणशील. लोकरीला कसर लागते ना, तिची अळी फार हुशार. ज्या कपड्यावर बसते त्याचीच लोकर कुरतडून अंगाभोवती पिशवी विणते. तांबडी शाल खाल्ली की पिशवी तांबडी, हिरवा कोट खाल्ला की हिरवी. नव्या नव्या कारागिराचं त्या पिशवीवर बोट असतं आणि तो विचारतो, "कुठाय?" मलाही तसंच झालं होतं. माझे उस्ताद हसले आणि म्हणाले, "डोळ्याने कशाला शोधतोस? डोळ्याला फसवायलाच तर ती बसलीय. फुंकर मार." मी कोटावर फुंकर मारली. सगळी लव एका अंगाला झोपली. एक तेवढा केस ताठ उभा राहिला. तीच अळी.

तुझ्या पाकळ्यांवर फुंकर मारता येते का गं?

आबा

ता. क. घड्याळजीला राहवत नाहीये. पाण्यात फुंकर मारली की बुडबुडे येतात, असं त्याचं मौलिक मत आहे.


१४ फेब्रुवारी

आबा, आबा, आबा!

घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या.

घड्याळजींना सांगा, आमच्याकडे पिचकारी असते. लांब नळी आणि मागे रबराचा फुगा. तिनेच मी आईला भरवते. भरवताना मात्र फुगा अगदी हळू दाबायचा, कारण धक्का लागला की पाकळ्या मिटतात आणि घास वाया जातो. चार वर्षं मी तिला धक्का लागू नये म्हणून जपत आले. काल सकाळी तुमचं पत्र वाचलं, तशीच उठले आणि फुगा चांगला जोरात दाबला.

सगळी फुलं एका क्षणात आत गेली. हजारोंच्या हजारो. कलिंगडाएवढी बाग होती तिथे नुसता उघडा दगड राहिला. आणि त्या दगडावर डाव्या बाजूला, टकलाच्या अगदी कडेला, पाकळ्यांचा एक झुपका तसाच उभा. जांभळी टोकं, मऊ देठ, सगळं तसंच. मी भिंग जवळ नेलं. मग तो झुपका चालायला लागला.

आबा, ती समुद्री गोगलगाय आहे. तिला शंख नसतो. माझ्या करंगळीच्या पेराएवढी, आणि पाठभर मऊ शिंगं. त्या प्रत्येक शिंगाचं टोक पाकळीसारखं, त्याच जांभळ्या रंगाचं. बाजूची फुलं उघडी असताना ती त्यांच्यात अशी मिसळून जाते की मी अकरा दिवस तिच्याकडेच बघत होते. एकदा तर मी चित्र काढलं होतं आईचं. ते आता काढून पाहिलं. चित्रात आहे ती! मी तिला फूल समजून नीट रंगवलंय.

मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांनी स्वतः पिचकारी घेतली, फुगा दाबला, पाहिलं, पुन्हा दाबला. पाच वेळा. बाई एरवी दर वाक्याला "पुढे?" म्हणतात. काल मात्र पिचकारीच खाली ठेवेनात. नंतर भिंगाखाली धरून त्यांनी मला दाखवलं, फुलाच्या पोटात जे रंगीत कण असतात तेच तिच्या शिंगांत होते, जिवंत. म्हणजे फूल खायचं आणि त्याचाच रंग अंगावर नेसायचा. तुमच्या अळीसारखाच.

दिवसभरात सात सापडल्या. टाकी रिकामी करायचा हुकूम मागे! आई वाचली!

एक विचारू? तुमचे उकार खालून कापल्यासारखे सपाट का दिसतात? पट्टी ठेवून लिहिता की काय, शाळेतल्यासारखं?

ठिपकी


१८ फेब्रुवारी

ठिपके,

पत्र ऐकून मी हसलो.

आयुष्यभर मी हेच तर केलं. ज्या कापडाला भोक, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि तोच भोकात विणायचा, की गिऱ्हाइकाने बोट फिरवलं तरी "कुठे होतं हो?" म्हणावं. मला वाटायचं, ही माणसाची करामत. उस्ताद म्हणायचे, आपल्यासारखा कारागीर जगात नाही. आता कळलं की उस्तादांचाही उस्ताद समुद्राच्या तळाशी बसलाय. त्याला हात नाहीत, सुई नाही, पोटात गेलेल्याचाच तो धागा करतो. फरक एवढाच की मी भोक बुजवायचो आणि ती पाडते. पण हातोटीला सलाम केलाच पाहिजे. मी खुर्चीतून उठून केला. घड्याळजीने विचारलं, कोण आलं?

अक्षराचं म्हणशील तर म्हातारपणी शिस्त लागली असं समज.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. कसर आपोआप कधी होत नाही. कुणाच्या तरी जुन्या कोटातून ती दुकानात येते. हिचा कोट कुठला?

आबा


२५ फेब्रुवारी

आबा,

आई वाचलेली नाही. शनिवारी एक टक्कल, रविवारी तीन, आज सहा. पुन्हा पिचकारी मारली, पुन्हा सापडल्या. या वेळी तांदळाच्या दाण्याएवढ्या, पिल्लं. रोज काढते आणि रोज नव्या दिसतात. बाईंनी दहा मार्च ही तारीख दिलीय. टकलं पसरून एकमेकांना मिळतायत, आई आता निम्मीसुद्धा उरली नाही, आणि तीन नंबरच्या टाकीत तिची चारशे लेकरं आहेत. पिल्लं तिकडे गेली तर काहीच राहणार नाही. या वेळी तारीख पुढे जायची नाही.

तुम्ही कोटाचं विचारलंत आणि मी चार दिवस तुमचं पत्र उशीखाली घेऊन झोपतेय. सांगून टाकते. समुद्रातून नवीन प्रवाळ आलं की आमच्याकडे ते आधी पाहुण्यांच्या टाकीत चाळीस दिवस वेगळं ठेवतात. डिसेंबरात एक छोटा तुकडा आला, आईच्याच जातीचा. दोन वर्षांत पहिलाच! वाटलं, हिचं कुणीतरी उरलंय बाहेर. सव्विसाव्या दिवशी मी तो भिंगाखाली नीट पाहिला, काही नव्हतं, आणि उचलून आईशेजारी ठेवला. मला दोघींना शेजारी बघायचं होतं, एवढंच. वहीत चाळीस दिवस लिहिले.

बाई पंपवाल्याला बोलल्या तेव्हा मी तिथेच उभी होते. गप्प.

ठिपकी


१ मार्च

पोरी,

आधी बाईंना सांग. हे पत्र खाली ठेव, जा, सांगून ये, आणि मग पुढचं वाच.

आलीस? बरं.

तू तुकडा पाहिलास आणि तुला काही दिसलं नाही, ती चूक नव्हे. उस्तादाचं काम आहे ते, दिसणार कसं? चूक वहीत आहे. आणि पंपवाल्याची माफी मागायची राहिली असेल तर तीही मागून टाक. त्याला काय बोलणी खावी लागली ते त्याला ठाऊक.

आता ऐक. रफू चांगला असेल तर वरून काही दिसत नाही. पण धाग्याची टोकं कुठेतरी जाणारच ना? ती हवेत विरत नाहीत. माझ्याकडे दुसऱ्याने केलेला रफू कुणी आणला की मी वरून बघायचोच नाही, कपडा उलटा करायचो. वरचं सोंग, खाली संसार. तुझ्या गोगलगाई रोज नव्या येतात म्हणजे त्या कुठेतरी जन्मतायत. वरच्या फुलांत अंडी घातली असती तर तुला एव्हाना दिसली असती.

तुझी आई उलटी करून पाहिलीस का कधी?

आबा

[त्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर]

नातीस,

मी शेजारचा घड्याळजी. हे लिहितोय ते त्याला माहीत नाही, आणि कळलं तर आमची बोलचाल बंद होईल, ती तशीही महिन्यातून एकदा होतेच. तू उकारांचं विचारलंस म्हणून सांगतो. पट्टी मी धरतो, तो तिच्यावरून लिहितो. तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो, कधी कधी तीन वेळा. गोगलगायीचं पाच वेळा झालं.

त्याच्या डोळ्यांपुढचं गेलंय. नुसती कड दिसते. समोर बघितलं की मधोमध धुकं. दुकान कंटाळून बंद केलं असं त्याने तुम्हाला सांगितलं, ते खोटं. गेल्या वर्षी एका काळ्या कोटाला त्याने निळ्या धाग्याने रफू केला. गिऱ्हाईक भलं होतं, काही न बोलता कोट घेऊन गेलं. दारातून बाहेर पडल्यावर उन्हात ते माझ्याकडे बघून हसलं, तेवढंच. धाग्याचं मीच याला सांगितलं. संध्याकाळी पाटी उतरवली.

तू इतकं खरं लिहिलंस, म्हणून वाटलं त्याचंही तुला कळावं. बाकी तब्येत उत्तम. भांडतो छान.


७ मार्च

आबा,

सांगितलं. बाई चिडल्या, आणि चांगल्या चिडल्या. वहीचं ते पान माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं, मग खाली खरी तारीख लिहायला लावली. पंपवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "मला वाटलंच, पंपाला भूक लागत नाही." आणि मग आईला उचलायला तोच आला, कारण ते एकीचं काम नव्हे.

चार वर्षांत तिला कुणीही उलटं केलं नव्हतं. फुलं चिरडतील म्हणून हिंमतच झाली नव्हती. आम्ही दोघांनी ती पाण्यातच हळूहळू कलती केली, बाई खाली वाकून बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "थांबा."

खालच्या बाजूला, जिथे फूल नाही, ऊन नाही, नुसता खडबडीत दगड, तिथे पांढऱ्या फिती चिकटवलेल्या. वेटोळं घातलेल्या, पारदर्शक, आणि प्रत्येक फितीत दाण्यासारखी अंडी ओळीने. कुणीतरी बारीक टाके घालून धागा गुंडाळून ठेवावा तशा. एकतीस मोजल्या. काही दाण्यांत पिल्लं फिरताना दिसत होती, आबा. सोंग नाही, रंग नाही, नुसते ठिपके. अजून पहिला घास पोटात जायचा होता ना, मग रंग कुठून येणार? पंपवाला म्हणाला, "ही तर आपल्यासारखीच, उघडी जन्मतात." आम्ही तिघं बराच वेळ तिथेच वाकून उभे होतो. मग मी ब्रश घेतला. घ्यावाच लागला.

सगळ्या फिती निघाल्या. बाईंनी दहा तारीख तूर्त थांबवलीय. आता वाट बघायची.

घड्याळजींवर रागावू नका. आणि मला एवढंच सांगा, समोरचं दिसत नव्हतं तर मला सांगायला काय झालं होतं? मी तुम्हाला रंग लिहीत बसले, पाकळ्यांची टोकं लिहीत बसले.

ठिपकी


४ एप्रिल

आबा,

तुमचं उत्तर आलं नाही. रुसलात ते कळलं.

चार आठवडे झाले. एकही नवं टक्कल नाही. पिचकारी रोज मारते, रोज सगळीच्या सगळी फुलं आत जातात. जुन्या टकलांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आलेत. बाईंनी काल दहा मार्चची नोंद खोडून वर "टाकी चालू" असं लिहिलं. आई वाचली. या वेळी मी उद्गारचिन्ह घालत नाही, घाबरते.

बाईंनी तीन गोगलगाई मारू दिल्या नाहीत. वेगळ्या बरणीत, आईच्याच मोडलेल्या तुकड्यावर ठेवल्यात. त्या बरणीचं आणि टाक्यांचं पाणी एक होऊ द्यायचं नाही, भांडीसुद्धा वेगळी. त्यातली एक मला चार दिवसांसाठी दिलीय, तुकड्यासकट. हवेच्या पंपाची पेटी पंपवाल्याने बनवून दिली. बारा तारखेला तुमच्याकडे पोहोचते.

"मला काय दिसणार" असं म्हणायचं नाही. तुम्ही न बघता शोधलीत ना? मग आता तिला भेटा.

ठिपकी


२० एप्रिल

ठिपके,

तू गेल्याला चार दिवस झाले. टेबलावर पेटीच्या पाण्याचा गोल डाग आहे. सून पुसायला आली होती, म्हटलं राहू दे. घड्याळजीशी बोलणं सुरू केलंय, कारण पट्टी धरायला दुसरं कुणी मिळेना. आता तोही लपवालपवी करत नाही, मोठ्याने म्हणतो, "वर चढलास, खाली ये."

न सांगण्याचं कारण तू इथे असताना विचारलं नाहीस, बरं केलंस. सांगतो. काळ्या कोटात निळा धागा घातल्यावर मला वाटलं, आता आपल्याला काही विचारावं असं उरलं नाही. मग तुझं पत्र आलं, टकलांचं. कुणीतरी मला पुन्हा एक भोक दाखवत होतं. डोळ्यांचं सांगितलं असतं तर तू विचारलंच नसतंस.

आता त्या सकाळचं. तू इथेच होतीस, पण मला काय दिसलं ते तुला ठाऊक नाही. तू पेटी उघडलीस, बरणी खिडकीत ठेवलीस. मी समोर बघितलं तर धुकं. जांभळं म्हणालीस, मला राखाडी. "मान वळवा आबा, कडेने बघा," म्हणालीस. वळवली. काहीतरी हलतंय एवढं कळलं, शेत वाऱ्याने हलावं तसं. मग तू पिचकारीचा फुगा माझ्या हातात दिलास. रबर गार होतं. मी दाबला.

डोळ्याच्या कडेला अख्खं शेत खाली बसलं. एकदम, आवाज न करता. आणि एकच काहीतरी उभं राहिलं.

तू ओरडलीस, "दिसली? दिसली का?" मी फुगा तुझ्या हातात परत दिला, तुला वाटलं दिसली नाही. बाळा, मला ती अगदी स्पष्ट दिसली. सगळा वर्ग बसलाय, आणि चौथीतलं एक पोरगं तेवढं उभं आहे. त्याला कडवं येत नाही. इतरांचे कपडे, इतरांचा रंग, सगळं हुबेहूब केलंय, पण फुंकर आली आणि उघडं पडलं. ऊन फळ्यावरून भिंतीवर सरकतंय. मास्तर "बस" म्हणायला विसरलेत.

सत्तर वर्षं मला वाटायचं, तो उभा मुलगा म्हणजे वर्गातला मठ्ठ. त्या बरणीत पाहिलं तेव्हा कळलं, सगळ्यांत बघण्यासारखं तेच होतं.

तिसरं कडवं अजून आठवत नाही. आता शोधतही नाही. तू चहा आणायला आत गेलीस तेव्हा मी बरणीच्या काचेला नाक लावलं आणि हळूच म्हणालो, "झालं. बस आता."

ती बसली नाही. कडेकडेने चालू लागली.

दोन्ही आयांना माझी आठवण सांग.

आबा